बहिरोबाच्या कानाशी

सटवाजी गुरवाला हॉटेलात चहा कधी वेळेवर मिळाला नाही. फाट्यावरच्या हॉटेलात बाकड्यावर बसायचा आणि मालकाला म्हणायचा, "एक चहा दे रे." पण हे असं म्हणायचा की शेजारी बसलेल्या मलाही वाटायचं, हा कसला तरी जप करून राहिला. मालक समोरून फडकं मारत जायचा, मागून आलेल्या गिऱ्हाइकाला चहा द्यायचा. सटवाजी पुन्हा म्हणायचा, "एक चहा दे रे." शेवटी मी ओरडायचो, "अरे, गुरवाला चहा दे की! का मेल्यावर देतो?" तेव्हा चहा यायचा. आणि वर हाच माझ्याकडं वाकून हळूच म्हणायचा, "मारत्या, केवढ्यानं वरडतो रे. माणसानं गळ्याला जपावं."

हाच माणूस देवळात उभा राहून ओरडला की पूर्णेच्या पल्याडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवायच्या. मी खोटं सांगत नाही. तिसरीपर्यंतच शिकलो, पण जे डोळ्यानं पाहिलं आणि कानानं ऐकलं त्यात कधी पदरचं घातलं नाही.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, नदीला लागून. गावावर एक टेकाड, टेकाडावर बहिरोबाचं देऊळ. देऊळ म्हणजे चार दगडी खांब, वर पत्रा आणि मधे शेंदूर फासलेला एक गोल दगड. त्या दगडाला उजव्या अंगानं खोल खाच आहे. तो देवाचा कान. देव बहिरा, म्हणून नाव बहिरोबा. बाकीच्या देवांपुढं मनातल्या मनात मागितलं तरी चालतं. आमच्या देवापुढं नाही चालत. कानाशी तोंड नेऊन ठणाणा ओरडावं लागतं, तेव्हा कुठं त्याच्यापर्यंत पोचतं. ते ओरडायचं काम गुरवाचं. तुम्ही गुरवाच्या कानात हळू सांगायचं, आणि गुरवानं देवाच्या कानात जोरानं. सटवाजीच्या बापानं ते केलं, आज्यानं केलं, मग सटवाजी करू लागला.

म्हणून तो एरवी आवाज खर्चत नसे. वैशाखातसुद्धा गळ्याला मफलर. दही नाही, चिंच नाही, गार पाणी नाही. गालात सदा ज्येष्ठमधाची काडी. सकाळी हळद-मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करायचा त्या एवढ्या वेळ की त्याच्या ओसरीवरून जाणारा माणूस रामराम घालून, थोडं थांबून, जबाब न घेताच पुढं जायचा. बायको होती तोवर ती म्हणायची, "ह्यांचा सगळा आवाज देवाचा. मला निस्त्या खाणाखुणा." पण बोलायची कौतुकानं.

देवाशी बोलायची त्याची रीत होती. आधी गाऱ्हाणं करणाऱ्याला विचारायचा, "एकच सांग. दोन सांगितली की त्याचा घोटाळा व्हतो." मग म्हणायचा, "कोणाला शिव्याशाप न्हाई." आणि तिसरं म्हणजे नाव-आडनाव देवाला सांगायचंच नाही. "लांब नावं त्याला ऐकू येत न्हाईत. मधलं गळून जातं आन् भलत्याचंच काम करून बसतो." म्हणून कोणीही येवो, पाटील येवो, हटकर येवो, वडाराचं येवो, सटवाजी ओरडायचा ते एकच, "बहिरोबाऽऽ! लेकरू आलंय!" बाई असली तर, "लेक आलीय!" त्याच्यापुढं गाऱ्हाणं.

यामुळं झालं असं की आमच्या देवळात कोणीही येऊ लागलं. देवाला कोण आलंय ते कळत नाही म्हटल्यावर आपण कोण आहोत ते सांगायची पाळीच येत नव्हती. उपकेंद्रातली रूथ सिस्टर गळ्यात क्रूस घालून यायची. लेकरांना सुई टोचायला ती झाडाखाली बसते आणि आमच्या बाया लेकरं घेऊन कणगीमागं लपतात, हे तिचं गाऱ्हाणं. सटवाजीनं ते देवाला असं सांगितलं की लपलेल्या बाया लाजून बाहेर आल्या.

आता त्याचं खरं कसब सांगतो. पहिलं वाक्य तो देवाच्या कानात ओरडायचा. मग श्वास घ्यायला म्हणून तोंड बाहेर काढायचा, आणि पुढचं सगळं गावाकडं तोंड करून. टेकाडावरून सगळं गाव ताटात वाढल्यासारखं दिसतं. तोंड कोणत्या घराकडं वळवायचं ते त्यानं आधीच ठरवलेलं असायचं. मी एकदा विचारलं, "सटव्या, देव तिकडं, तू इकडं काहून वरडतो?"

म्हणाला, "सगळं एकदम कानात वतलं तर तकलीफ व्हईल ना त्याला."

जैतूनबी मनियारीण बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची. तिची काळी शेळी गेली. ती तणतणत टेकाड चढून आली तेव्हा मी तिथंच होतो. पायरीवर उभी राहून म्हणाली, "सटवाजी भाई, तुमारे देव कू हमारी बोली समजती क्या?"

सटवाजी म्हणाला, "बहिरा हाये माय. त्याला कोणतीच बोली समजत न्हाई. तू सांग."

तिनं सांगितलं. सांगताना ज्याच्यावर वहीम होता त्याच्या सात पिढ्या काढल्या. सटवाजीनं त्या सगळ्या वगळल्या आणि कानात ओरडला, "बहिरोबाऽऽ! लेक आलीय!" मग तोंड काढून, खालच्या आळीतल्या एका पत्र्याच्या गोठ्याकडं बघत, "हिची शेळी हरवली! काळी हाये! ज्याच्या गोठ्यात चुकून शिरली त्याला चुकूनच दोर सोडायची बुद्धी दे! कोणी इचारणार न्हाई! दूध मात्र आजच्या दिवसाचं त्यानंच काढून संगं द्यावं, हिचं नुकसान नको!"

दुसऱ्या दिवशी शेळी दारात. जैतूनबी गूळ-फुटाणे घेऊन आली, पण नाक मुरडतच. म्हणे, "मोटी होके आयी. मेरेपास इत्ता कब्बी नै खायी."

माझंही सांगतो, कारण गावात ते माझ्या माघारी वाढवून सांगतात. माझ्या पोराला कोणी पोरगी देईना. शेती आहे, हळद आहे, इंजिन आहे, पोरगं निर्व्यसनी. पण शेती करणारा म्हटलं की पोरीवाले चहा अर्धा ठेवून उठायचे. मी देवळात गेलो आणि सटवाजीच्या कानात अगदी हळू सांगितलं, "पोराचं जमू दे, एवढंच सांग." तर हा काय ओरडला?

"बहिरोबाऽऽ! लेकरू आलंय! ह्याच्या पोराला पोरगी मिळून न्हाई राहिली! पोरगं सोन्यासारखं हाये! बाप आडमुठा हाये, घरात कोणाचं चालू देत न्हाई! पर बाप वावरातल्या आखाड्यावर राहायला जाईल! पोरीला घरात मोकळं राहता येईल!"

मी त्याचा मफलरच धरला. "हे मी कव्हा म्हणलो?"

"म्हणला न्हाईस," तो हळूच म्हणाला, "पर देवाला अर्धवट सांगून चालत न्हाई."

दिवाळीनंतर पोराचं जमलं. पोरीच्या बापानं बैठकीत पहिलाच सवाल केला, "आखाड्यावर लाइट हाये ना व्याह्यांसाठी?" तेव्हापासून मी आखाड्यावर, वावरातल्या खोपीत राहतो. हवा चांगली आहे. मी माझ्या मर्जीनं राहतो, हे इथं लिहून ठेवतो.

कांबळे गुरुजी शाळेतून निवृत्त होऊन गावात राहायला आले. बौद्ध माणूस, घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, देवधर्माला हात न लावणारे. वस्तीचा नळ बंद पडला होता. अर्ज करून करून गुरुजी थकले. एक दिवस ते टेकाड चढून आले, चपला काढल्या, आणि खांबाशी उभे राहून म्हणाले, "सटवाजी, मी देव मानत नाही. नमस्कार करणार नाही. पण मला गाऱ्हाणं द्यायचं आहे."

सटवाजी म्हणाला, "तुमी मानत न्हाई, त्याला ऐकू येत न्हाई. बराबर झालं. सांगा."

मग पहिल्यांदाच त्यानं हाळी बदलली. लेकरू म्हटलं तर गुरुजींना लागेल असं त्याला वाटलं असावं. म्हणाला, "बहिरोबाऽऽ! शेजारी आलाय!" आणि नळाचं गाऱ्हाणं सरपंचाच्या माडीकडं तोंड करून असं घातलं की सरपंचाचे पाहुणे जेवता जेवता थांबले. नळ आठवड्यात सुरू झाला. गुरुजी त्यानंतर रोज संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसायला यायचे. नमस्कार कधी केला नाही. पायरी मात्र झाडून घ्यायचे.

त्यांनीच एकदा सांगितलं, "मूळ नाव भैरोबा असणार. भैरवाचं भैरोबा, त्याचं बहिरोबा झालं. म्हणजे देव बहिरा नाहीच."

मी म्हटलं, आता सटवाजीचा धंदा बसला. पण तो काडी चघळत विचार करून म्हणाला, "असंल गुरुजी. तुमी शिकलेले. पर आता एवढ्या वर्सांनी एकदम हळू बोललो तर त्याला वाटंल, आमचं भांडण झालं."

गुरुजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

हे सगळं असं चाललं असतं. पण सटवाजीचा आवाज फाटू लागला. आधी आम्ही म्हणालो हळदीची धूळ असेल. गावात तेव्हा हळद शिजवून वाळत घातलेली, सगळ्यांचेच घसे खवखवत होते. पण हळद बाजारात गेली तरी याचा घसा तसाच. ओरडताना मधेच आवाज बसायचा आणि नुसती हवा यायची. रूथ सिस्टरनं त्याला हाताला धरून नांदेडला नेलं. डॉक्टरनं सांगितलं, गळ्यात वाईट गाठ आहे. लवकर काढली तर माणूस वाचेल, पण आवाज राहणार नाही. नाही काढली तर आवाजही जाईल आणि माणूसही.

एसटीतून उतरला तो सरळ देवळात. मी विचारलं, "कव्हा जायचं आपरेशनला?"

"न्हाई जायचं."

"काहून?"

"मंग त्याच्या कानात कोण सांगंल?"

मी म्हणालो, "अरे, देव राहील की हितंच, दगड हाये तो. तू मरून जाशील!"

तो म्हणाला, "मरणाचं मला समजतं रे. पर लोकं वर चढून येतील आन् तसंच खाली जातील, ते बघवायचं न्हाई. आधी आवाज बघा कोणाचा तरी. आवाज सापडला की मी दुसऱ्या दिवशी एसटीत बसतो."

त्याला पोरगा नव्हता, एकच लेक, ती वसमतला दिलेली. तेव्हा आवाज गावातूनच शोधायचा होता, आणि लवकर. सिस्टर रोज येऊन गळा बघायची आणि रोज तिचं तोंड उतरायचं. त्या दिवसांत एक म्हातारी जावयाचं गाऱ्हाणं घेऊन आली. सटवाजीनं कानाशी तोंड नेलं, मान ताणली, आणि त्याच्या तोंडातून फुटक्या पुंगीसारखा आवाज आला. म्हातारी त्यालाच धीर देऊ लागली, "राहू द्या बाबा, जावई तेवढा बी वाईट न्हाई."

सरपंचाचा पुतण्या बबलू म्हणाला, "एवढं कशाला? मी डीजेचा बॉक्स लावतो." लावला. पहिल्यांदा जी शिट्टी वाजली तिनं म्हशी दावं तोडून नदीत गेल्या. सटवाजी म्हणाला, "आवाज मोठा हाये. पर हा सगळीकडं सारखाच वरडतो. तोंड कुणीकडं वळवणार?" बबलूला ते कळलं नाही. त्यानं बॉक्सच गोल फिरवून दाखवला.

मग सटवाजीनं परीक्षा ठरवली. तो नदीच्या पल्याड बाभळीखाली बसणार, बरोबर सिस्टर. देवळातून एकेकानं ओरडायचं. पल्याड शब्द कळले तर तो पांढरा रुमाल वर करणार. काय ऐकू आलं ते सिस्टर गुरुजींना फोनवर सांगणार. अख्खं गाव टेकाडावर जमलं. अशी गर्दी जत्रेलाही नसते, कारण जत्रेत कोणाची फजिती बघायला मिळेल याची खात्री नसते.

पहिला मी. गावात माझ्या आवाजाला तोड नाही हे सगळे जाणतात. आखाड्यावरून मी घरच्या कुत्र्याला हाकलतो. गाऱ्हाणं ठरलेलं होतं, "पाऊस वेळेवर पडू दे." मी छाती भरून ओरडलो. रुमाल हलला नाही. गुरुजींचा फोन वाजला. ते ऐकत राहिले आणि तोंडावर हात ठेवून म्हणाले, "मारोतराव, सटवाजी म्हणतात आवाज बराबर आला. पण कोणाला शिव्या देऊन राहिले ते कळलं नाही."

लोक हसले. हसू देत. वारा उलटा होता.

मग गुरुजी. त्यांचा आवाज वर्गातला, एकेक शब्द सुटा. पण "पाऊस वेळेवर पडू दे" म्हणून झाल्यावर त्यांना वाटलं 'पडू दे' पेक्षा 'पडावा' बरं, म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटलं. पल्याडहून निरोप आला, "शब्द कळले. पर दोन पाऊस मागितले. पूर यील."

मग पोरं आली, पैलवान आला, भजनातला आला. भजनातल्यानं आधी सूर लावायला एवढा वेळ घेतला की पल्याडहून फोन आला, सुरू झालं का? ऊन चढलं. नदीपल्याड सटवाजी बाभळीच्या तुटक्या सावलीत बसलेला दिसत होता, मफलर आवळून. रुमाल त्याच्या मांडीवरच.

तेवढ्यात जैतूनबी पाटी घेऊन पायवाटेनं आली. तिला परीक्षेचं काही माहीत नव्हतं. गर्दी बघितली, पल्याड बसलेला सटवाजी बघितला, आणि पाटी खाली न ठेवता कमरेवर हात ठेवून कडाडली,

"अरे, क्या लगाये रे सुबे सुबे! बीमार बुड्डे कू धूप में कायकू बिठाये? सटवाजी भाईऽऽ, उठो वां से! मर जाते क्या!"

पल्याड रुमाल वर झाला. नुसता वर झाला नाही, सटवाजी उभा राहून तो फडकावू लागला. फोन वाजायच्या आधीच सगळ्यांना निकाल कळला.

मला काही हे पटलं नाही. मी म्हणालो, "ती परीक्षेत नव्हती." बबलू म्हणाला, "काका, ती मुसलमान हाये. देवाच्या कानात?" एक-दोघांनी माना हलवल्या. त्या एक-दोघांच्या घरच्या बायांच्या हातात बांगड्या तिनंच भरलेल्या, पण असो.

सटवाजी नदी उतरून, टेकाड चढून येईस्तोवर वाद वाढला होता. तो आला, धापा टाकत पायरीवर बसला. काहीतरी बोलला. कोणाला ऐकू आलं नाही. सगळे गप्प झाले, जवळ आले, वाकले.

"बबल्या," तो म्हणाला, "बहिरोबाला आजवर कोण कोण आलं ते मी कव्हा सांगितलं का?"

"न्हाई."

"मंग आता तू काहून सांगून राहिला?"

बबलू मागं सरला. मी पुढं झालो, तर म्हणाला, "तू हारला म्हणून बोलून राहिला. बस खाली." मी बसलो. तो आजारी होता म्हणून.

पण खरी अडचण जैतूनबीचीच निघाली. तिनं पाटी उतरवली, पदर नीट केला आणि म्हणाली, "मैं नै करती. मेरेकू तुमच्या देवाचं काय म्हायती? मैं पाया नै पडती. मेरा रास्ता अलग है, साफ बोलती."

सगळे सटवाजीकडं बघू लागले. आवाज सापडला होता आणि हातचा चालला होता. तो गेला तर नांदेडही गेलं, हे सिस्टरला कळत होतं, गुरुजींना कळत होतं, मला कळत होतं.

"पाया पडायला बाकीचे हायेत की," सटवाजी म्हणाला. "गुरुजी पडतात का? पायरी झाडतात. तू निस्ती बोल. लोकाचं गाऱ्हाणं हाये. देव तुझा नसू दे, गाव तर तुझं हाये का न्हाई?"

ती कितीतरी वेळ बांगड्यांची पाटी नीट लावत राहिली. लाल एकीकडं, हिरव्या एकीकडं. मग त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "कल नांदेड जाते तो बोलती. नै गये तो नै बोलती."

"जातो."

"कसम खाव."

"गुरुजींसमोर कशाची खाऊ?" सटवाजी म्हणाला, आणि गुरुजी म्हणाले, "खा हो, मी दुसरीकडं बघतो."

त्या दुपारी त्यानं तिला शिकवलं. पहिलं वाक्य कानात, मग श्वास, मग तोंड कुणीकडं. ती म्हणाली, "ये तो मैं बीस गाव में करती. किसके घर की औरत बांगड्या लेनेवाली है, उसकेच दरवाजे की तरफ चिल्लाती." सटवाजीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं एखाद्या बापानं पोराचा निकाल हातात घेऊन शेजाऱ्याकडं बघावं.

तिचं पहिलं गाऱ्हाणं त्यानं थांबून ऐकलं. सवयीनं तिचा सूर बांगडीवालीचाच लागला. "बहिरोबाऽऽ, लेक आलीऽऽय," असं तिनं लांबवलं तर खालच्या आळीतल्या बाया मनगटं पुसत ओसरीवर आल्या. सटवाजी खांबाला धरून हसला. आवाजासकट हसताना मी त्याला त्या दिवशी शेवटचं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तो सिस्टरबरोबर गेला.

तो वाचला. आवाज गेला. परत आला तेव्हा गळ्याला भोक होतं आणि त्याच्यावर मफलर. देवळात खांबाशी बसायचा. गाऱ्हाणं करणारा जैतूनबीच्या कानात सांगायचा, जैतूनबी सटवाजीकडं बघायची, सटवाजी बोटानं घर दाखवायचा, की जैतूनबी त्या घराकडं तोंड करून सुरू. हॉटेलात मात्र त्याला चहा आता लगेच मिळायचा. मालक त्याला बघताच कप ठेवायचा. सटवाजी माझ्याकडं बघून भुवया उडवायचा, म्हणजे बघ, एवढ्यासाठी उगा बोलत होतो.

पुढं त्याची तब्येत उतरत गेली आणि लेक त्याला वसमतला न्यायला आली. तिकडून तो परत आला नाही, तेव्हा मी सांगतोय ते त्याचं गावातलं शेवटचंच.

जीप खाली उभी होती. लेक गाठोडं घेऊन घाई करत होती. सटवाजी काठी टेकत वर आला. पायरीवर गुरुजी, मी, सिस्टर, आणखी बरीच मंडळी. त्यानं जैतूनबीला हातानं खूण केली, छातीवर बोट ठेवलं, मग देवाकडं दाखवलं.

"तुमारा? तुमारा खुद का?" जैतूनबी म्हणाली.

त्यानं मान हलवली.

आम्ही सगळे सरसावून बसलो. त्याच्या घराण्यानं सगळ्या गावाचं सांगितलं, पण त्याचं स्वतःचं गाऱ्हाणं कधी कोणी ऐकलं नव्हतं. गुरुजींनी खिशातून पेन काढलं, वहीचं पान फाडायला घेतलं. सटवाजीनं हात हलवून नको म्हटलं. जैतूनबी कान पुढं करून उभी राहिली. "बोलो भाई, होट हिलाव, मैं समजती."

तो तिच्या बाजूनं पुढं गेला. काठी खांबाला लावली, दगडावर हात टेकला, देवाच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलू लागला. नुसते ओठ हलत होते. आवाज तर सोडाच, हवाही येत नव्हती. पण एक सांगायचं, दोन नाही, हा त्याचाच नियम त्यानं पाळला नाही. बराच वेळ बोलला. मधे थांबला, विचार केला, पुन्हा बोलला. एकदा तर हसला. श्वास घ्यायला म्हणून तोंड बाहेर काढलं नाही आणि गावाकडंही केलं नाही. पत्र्यावर कावळा बसला तर पैलवानानं त्याला खडा मारून उडवलं, काही ऐकू यायचं राहू नये म्हणून.

झालं. त्यानं दगडावर थाप मारली, आपण बैलाच्या पाठीवर मारतो तशी, आणि काठी घेऊन निघाला.

"क्या बोले?" जैतूनबी त्याच्यामागं पायरीपर्यंत गेली. "ओ सटवाजी भाई! क्या बोले? मैं क्या चिल्लाऊ?"

त्यानं मागं वळून तिला हात जोडले आणि उतरू लागला.

मी म्हणालो, "मला कळलं काय बोलला ते. ओठांवरनं कळलं."

"काय?" गुरुजींनी विचारलं.

"ते सांगायचं नसतं," मी म्हणालो. मला काही कळलं नव्हतं.

जैतूनबी कमरेवर हात ठेवून उभी. एकदा दगडाकडं बघायची, एकदा उतरणाऱ्या त्या मफलरकडं. न सांगितलेलं गाऱ्हाणं तसंच सोडून जाणं तिला जमेना. शेवटी ती तरातरा देवाच्या कानाशी गेली आणि सगळं टेकाड दणाणेल अशी ओरडली,

"ओ बहिरोबाऽऽ! भाई क्या बोले मेरेकू नै मालूम! किसीकू नै मालूम! तुमकू समज्या ना? फिर देखो तुम! अकेले तुमकूच बोले वो!"

खाली जीपच्या दाराशी सटवाजी थांबला होता. लेक त्याला आत बसवायला दंड धरून उभी होती आणि तो बसत नव्हता. आमच्याकडं त्याची पाठ होती. एवढ्या लांबून बाकी काही दिसलं नाही, खांदे तेवढे हलत होते, आणि लेक त्याला पुन्हा पुन्हा मोठ्यानं विचारत होती, "बाबा, काय झालं? बाबा, हासून काहून राहिले?"